दोन पट्ट्यांचा वेढा

तेजस्विनी मॅडमनी फॉर्मवर शून्य काढलं, पण त्याचं तोंड नीट मिटलं नाही. वरच्या बाजूला केसाएवढी फट राहिली आणि प्रियदर्शनीची नजर तिथेच अडकून बसली. वय दोन वर्षं तीन महिने, ऐकण्याची तपासणी व्यवस्थित, चालणं वेळेवर, नजरेला नजर देते, शब्दसंख्या शून्य. मुक्ताई खाली सतरंजीवर बसून लाकडी कड्या काठीत ओवत होती, मोठी खाली, लहान वर, एकदाही न चुकता. "पण मॅडम, ती पाण्याला ‘ह्ं’ म्हणते," प्रियदर्शनी म्हणाली. "ठरलेला आवाज आहे. नाकातून, थोडा वर चढणारा. बाहेर जायचं असलं की तोच, फक्त खाली उतरणारा." मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कोणाला कळतं?" "मला." "आणखी?" नवऱ्याचं, आनंदचं, नाव तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. गेल्या रविवारीच त्याने पाणी मागणाऱ्या पोरीला मोठ्या हौसेने बूट घालून जिन्यापर्यंत नेलं होतं. "आणखी कोणाला नाही." "मग तो शब्द नाही हो. दोघींत राहतो तो आवाज. तिसऱ्याला कळतो तो शब्द." मॅडमनी पेन बंद केलं. मुलगी हुशार आहे, काळजीचं आज तरी काही दिसत नाही, तिने मागायच्या आत तुम्ही देता त्यामुळे तिला बोलायची गरजच पडत नाही. आजपासून काही मागितलं की मनात दहा मोजायचे, चेहरा कोरा ठेवायचा. आणि प्लेग्रुप बघा. "चार मुलांत घाला. महिनाभरात सुटेल." "काय सुटेल?" प्रियदर्शनीने विचारलं, आणि विचारताना आपला आवाज जरा जास्तच मोठा निघाला हे तिच्याच लक्षात आलं. "जीभ," मॅडम म्हणाल्या. "दुसरं काय सुटायचंय?"

सदाशिव पेठेतल्या त्या क्लिनिकचा जिना अरुंद होता आणि मुक्ताईला प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे होते. प्रियदर्शनी एक पायरी खाली, तोंड वर करून, दोन्ही हात पसरून उलटी उतरत होती. खालून येणाऱ्या एका आजोबांनी "बाई, जिना सगळ्यांचा आहे" असं म्हटलं, तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी राहिली आणि "सॉरी काका" हेसुद्धा पुरतं म्हणाली नाही. पुण्यात आल्यापासून तिचं असंच झालं होतं. यवतमाळहून एम. एस्सी.ला आली तेव्हा वसतिगृहातल्या मुली तिचं ‘का’च्या जागी येणारं ‘काहून’ ऐकायला तिला मुद्दाम प्रश्न विचारायच्या. वाईट कोणीच नव्हतं, नुसतं हसणं होतं. पण तिने हळूहळू तोंडात आलेलं वाक्य आधी तपासायची सवय लावून घेतली, आणि तपासून होईपर्यंत बोलण्याची वेळ टळून जायची. मग गणितच बरं वाटू लागलं. तिथे गप्प बसलेल्या माणसाकडे कोणी संशयाने पाहत नाही. लग्न झालं, आनंदही तिकडचाच, पण तो हिंजवडीला सकाळी आठला जाणार आणि रात्री जेवायलाच येणार. उरलेल्या बारा तासांत दोन खोल्यांमध्ये ती आणि मुक्ताई. ‘घरात तुम्ही किती बोलता?’ असंही मॅडमनी मघाशी विचारलं होतं आणि ती ‘बऱ्यापैकी’ म्हणाली होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिने सकाळपासूनची घरातली आपली वाक्यं मोजून पाहिली. चार निघाली, त्यातली दोन गॅस सिलिंडरवाल्याशी.

शून्य. तिला ते शून्य कुठेतरी आधी पाहिल्यासारखं वाटत होतं, आणि कुठे ते तिला पक्कं ठाऊकही होतं. तिच्या प्रबंधातल्या शेवटच्या कोष्टकात, अकराव्या ओळीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. सात वर्षं तिने जे केलं ते कोणाला सांगायची वेळ आली की ती ‘फिजिक्स’ एवढंच सांगून मोकळी व्हायची, कारण पुढचं सांगायला समोरच्याने बसून घ्यावं लागलं असतं. स्फटिकात इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे पट्टे असतात. काही भरलेले, काही रिकामे, मध्ये फट. भरलेले पट्टे एकमेकांभोवती पीळ घालून बसलेले असू शकतात, दोन वेण्या एकमेकींत गुंतल्यासारखे, आणि तो पीळ फट बंद केल्याशिवाय निघत नाही. पदार्थ तापवा, दाबा, थोडा मळवा, पीळ तसाच. अशा पिळांच्या जाती किती, हे मोजायचं हत्यार म्हणजे के-थिअरी. या हत्याराची एक खोड आहे. ते कुठल्याही पट्ट्यांकडे एकटं पाहत नाही. त्यांच्या शेजारी हवे तितके साधे, बिनपिळाचे पट्टे आणून ठेवायची मुभा घेतं, आणि मग विचारतं, आता राहिला का पीळ? राहिला तर जात नोंदवतं. सुटला तर शून्य. या खोडीमुळेच तर गणित आटोक्यात येतं, आणि प्रियदर्शनीला सुरुवातीला तिचंच फार कौतुक वाटलं होतं. कितीही गर्दी करा, टिकतं तेच खरं. तेवीस-चोविसाव्या वर्षी माणसाला असं काहीतरी हवंच असतं.

अकराव्या ओळीतला पदार्थ दोन पट्ट्यांचा होता. ती तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती, आणि संस्थेतल्या तिच्या खोलीत ती दुपारची एकटीच असायची, कारण बाकीचे चहाला गेले की तिला चहाच्या वासाने मळमळायचं. पडद्यावर आलेख उमटत गेला आणि तिने पाहिलं की दोन पट्टे एकमेकांभोवती फिरताहेत. एक वेढा, पूर्ण. मग दुसरा, पूर्ण. दोन स्वच्छ वेढे. आणि नेमकं त्याच वेळी पोटात, डाव्या बाजूला, कोणीतरी आतून बोट फिरवल्यासारखं काहीतरी झालं. ती हात लावून बसून राहिली. खोलीत दुसरं कोणी असतं तर त्याला काय दिसलं असतं, एक बाई पोटावर हात ठेवून कॉम्प्युटरकडे बघतेय. पुन्हा झालं. तिने ते त्या दिवशी आनंदला सांगितलं नाही, आईलाही नाही. दोन दिवस तिने ते स्वतःजवळच ठेवलं, लाडवाचा शेवटचा तुकडा पदराआड लपवल्यासारखं. नियमाप्रमाणे तिने मग तिसरा साधा पट्टा घालून गणित पुन्हा चालवलं. वेढे सुटले. जणू नव्हतेच. तिने कोष्टकात शून्य लिहिलं आणि पुढच्या रकान्यात सगळेच लिहितात तो शब्द लिहिला, ट्रिव्हियल. इंग्रजीत तो शब्द कसा सहज निसटून जातो, लिहिणाऱ्याच्या हाताला लागतसुद्धा नाही.

रस्त्यावर स्कूटरी अंगावरून जात होत्या. तिने मुक्ताईला कडेवर घेतलं आणि तिच्या डोक्याला नाक टेकवलं. टाळूच्या जरा मागे भोवरा होता, तेल लावून कितीही चापून बसवला तरी पुन्हा उठणारा. याच भोवऱ्यावरून तिने एकदा आनंदला आपलं काम समजावून द्यायचा प्रयत्न केला होता. तो दाढी करत होता. बघ, गोल डोक्यावर केस पूर्ण चापून बसवायचे म्हटले तर कुठेतरी भोवरा राहणारच, हा गोलाचाच गुण आहे, कंगव्याचा दोष नाही, असं ती म्हणाली. आनंदने आरशातूनच पाहिलं. "मग चापून बसवायचे कशाला? उभे राहू दे की केस. म्हणजे भोवरा बिवरा काही राहणार नाही." तो गंमत करत होता आणि नेमकं उत्तर देत होता. पृष्ठभागाला चिकटून राहायचं म्हटलं तर दोनच दिशा, आणि दोन दिशांत भोवरा अटळ. बाहेर निघायची तिसरी दिशा दिली की सगळं सरळ. तिने त्याला हे सांगितलं नाही. तो फार आनंदाने गालाला पाणी लावत होता, आणि तिला अकारण वाटलं की आपण काहीतरी हरलो. मुक्ताई पायाशी बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि मग तिने ‘ह्ं’ केलं, वर चढणारं, आणि प्रियदर्शनी पाणी आणायला आत गेली.

तो शब्द हाताला लागला तो मराठीत. संस्थेने यंदापासून प्रबंधाला दोन पानांचा मराठी सारांश जोडायला लावला होता, आणि मुदतवाढी सगळ्या संपल्या होत्या. आज मंगळवार, पाचच्या आत सारांश गेला नाही तर नाव कमी. शुक्रवारी तिने पहिला खर्डा तिच्या मार्गदर्शकांकडे, रंगनाथ सरांकडे, पाठवला. सर फोनवर कधी ‘हॅलो’ म्हणत नाहीत. "‘अकराव्या ओळीतील पिळाची जात शून्य आहे, म्हणून ही अवस्था क्षुल्लक आहे.’ हे तुम्ही लिहिलंय की तुमच्या सासूबाईंनी?" ती हसली नाही. "सर, ट्रिव्हियलला शब्द..." "शब्दाचं सोडा. क्षुल्लक कोणाच्या दृष्टीने, ते लिहा. आणि तो ‘म्हणून’. शून्य आहे, ठीक. ‘म्हणून’ कुठून आलं? विचार करा, मंगळवारपर्यंत वेळ आहे. तुम्हाला वेळ भरपूर लागतो हे मला ठाऊक आहे." शनिवार, रविवार, सोमवार तिने त्या वाक्यासमोर काढले. ‘साधी’ लिहिलं, खोडलं. ‘नगण्य’ लिहिलं, ते तर आणखीच लागलं. सर काय म्हणताहेत हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अशा सुटणाऱ्या वेढ्यांवर अलीकडे बरेच लोक लिहीत होते, नाजूक म्हणतात त्यांना. एक परिच्छेद घातला असता की काम झालं असतं. पण तो परिच्छेद लिहायला ती बसली की तिला वाटायचं, आपण आपलीच वकिली करतोय. टिकलं नाही ते होतं असं म्हणायला पुरावा काय? आणि रात्री आई फोनवर विचारायची, "काहून व, पोरगी अजून बोलत नाही का? लेकराले लेकरांत सोड बाई. आपोआप बोलते मंग." सगळेच तिला एकच उपाय सांगत होते. आणखी कोणीतरी आणून ठेव. साधं, बिनपिळाचं कोणीतरी. सुटेल.

सुटेल हे तिलाही दिसत होतं. त्याचीच तिला भीती वाटत होती, आणि ती भीती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. कुठली आई म्हणेल की माझी मुलगी बोलेल म्हणून मला धास्ती वाटते? मूल बोलायलाच हवं, तेही लवकर, त्यासाठी ती नवस बोलायलासुद्धा तयार होती. पण या दोन वर्षांत त्या दोन खोल्यांत जे झालं होतं त्याला काय म्हणायचं? मुक्ताई पापणी उचलायच्या आत तिला कळायचं की खिडकीतून कबुतर दाखवायचंय. ती स्वतः सिंकपाशी न आवाज करता रडली तर मुक्ताई आतून चालत येऊन तिच्या पोटरीला गाल लावून उभी राहायची, काही न विचारता. या शहरात बारा वर्षांत तिला असं दुसरं कोणी समजलं नव्हतं, आणि हे समजणं शब्दांत नव्हतं म्हणूनच त्यात चुकायला जागा नव्हती. एक वेढा, पूर्ण. दुसरा, पूर्ण. फॉर्मवर त्याला चौकट नव्हती.

मंडईत तिने मुक्ताईला खाली उतरवलं. फेब्रुवारीचा मटार ढिगांनी पडला होता आणि प्रेमलामावशींच्या गाळ्यावर नेहमीसारखी गर्दी होती. मावशींचा हात तराजूत, तोंड तिसऱ्याच गिऱ्हाइकाशी चालू. "कोवळा आहे हो, घरी नेऊन बघा, नाही निघाला तर उद्या माझ्या नावाने बोटं मोडा. तुम्हाला काय, ताई?" प्रियदर्शनीने अर्धा किलो सांगितला. ओढणी दोनदा ओढली गेली. खालून ‘ह्ं’ आलं, आखूड, मधेच तोडलेलं. हा तिसरा प्रकार, मॅडमना सांगायचा राहिलेला. सोलायला शेंग. तिचा हात ढिगाकडे निघालाही होता. मग तिने तो मागे घेतला, पिशवीच्या बंदात अडकवला आणि मोजायला लागली. एक. दोन. मुक्ताईने पुन्हा ‘ह्ं’ केलं, तस्संच, स्पष्ट, जणू पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसावं म्हणून. तीन. चेहरा कोरा ठेवायचा. चार. पोरीने मान वर केली. त्या नजरेत राग नव्हता, रडूही नव्हतं. ओळखीच्या दाराला आतून कडी लागलेली बघून माणूस जसा क्षणभर घर चुकलं का म्हणून मागे सरतो, तसं काहीतरी होतं. पाच. "काय पाहिजे गं बाळे तुला?" मावशींनी तराजूवरूनच विचारलं. एरवी या प्रश्नाचं उत्तर प्रियदर्शनीने दिलं असतं, दर वेळी तीच द्यायची, ‘शेंग हवीय तिला.’ सहा. सात. मुक्ताईने आईकडे बघायचं सोडलं. तिने तोंड मावशींकडे वळवलं, ओढणीही सोडली, आणि हात पुढे करून म्हणाली, "दे."

"देते की. दम धर जरा," मावशी म्हणाल्या आणि दोन शेंगा तिच्या हातात कोंबून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. "चुरूचुरू बोलते हो तुमची. नाव काय?" "मुक्ताई," प्रियदर्शनी म्हणाली. हा तिचा पहिला शब्द आहे, असं तिला सांगायचं होतं. वाक्य तोंडात आलं, तिने ते सवयीने तपासलं, आणि तोवर मावशी कोणाशीतरी कोथिंबिरीवरून हुज्जत घालायला लागल्या होत्या. आजूबाजूला माणसं पिशव्या वाचवत वाट काढत होती. तिने खाली वाकून मुक्ताईला घट्ट धरलं, तिचे डोळे भरून आले आणि ती मनापासून, अगदी आतून आनंदली, यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या आनंदाच्या खाली, डाव्या बाजूला, काहीतरी सैल झालं होतं. वाटेत मुक्ताईने शहाळेवाल्याला ‘दे’ म्हटलं. सिग्नलला थांबलेल्या एका स्कूटरवरच्या बाईंना ‘दे’ म्हटलं. जिन्यावर भेटलेल्या शेजाऱ्यांच्या मांजराला म्हटलं. एकदाही तिने वर बघून आईला विचारलं नाही की हे बरोबर आहे का.

पावणेचार झाले होते. मुक्ताईला आत स्वयंपाकघरात डबे मांडून दिले आणि तिने लॅपटॉप उघडला. वाक्य होतं तिथेच होतं. क्षुल्लक. कोणाच्या दृष्टीने? ज्याला शेजारी तिसरं कोणी आणून ठेवायची मुभा आहे त्याच्या. त्याचं काहीच चूक नव्हतं, हे तिला आज पहिल्यांदा शांतपणे मान्य करता आलं. तेजस्विनी मॅडम चुकल्या नव्हत्या, आई चुकली नव्हती, के-थिअरी तर चुकतच नाही. शून्य शून्यच होतं. तिने फक्त ‘म्हणून’पासून पुढचं खोडलं. मग लिहायला लागली, आणि लिहिताना तपासलं नाही: ‘अकराव्या ओळीतील पिळाची जात शून्य आहे. याचा अर्थ असा की तिसरा, साधा पट्टा जवळ आणला असता येथील पीळ सुटतो. मात्र दोनच पट्टे असताना त्यांच्यात दोन पूर्ण वेढे आढळतात, आणि ते दोघांतील फट बंद न करता काढता येत नाहीत.’ थांबली. वाचलं. ‘दोघांतील’ चुकलं होतं. फट त्या दोघांच्या मधली नसते. ते दोघं एकीकडे आणि बाकीचं सगळं जग दुसरीकडे, यांच्यामधली असते. ‘त्यांच्या व इतर पट्ट्यांमधील’ असं तिने केलं. शेवटी एक ओळ आणखी घातली: ‘तिसऱ्या पट्ट्यापुढे ही अवस्था टिकत नाही, पण त्याआधी ती होती.’

चार बावन्नला सारांश गेला. पाचला तीन कमी असताना सरांचं उत्तर आलं. शेवटची ओळ गणितात बसत नाही. राहू द्या. इंग्रजी कोष्टकातला ‘ट्रिव्हियल’चा रकाना बदला आणि दोन्ही प्रती उद्या छापायला टाका. तिने ते दोनदा वाचलं. आनंदला फोन करावा, दोन्ही गोष्टी सांगाव्यात, असं मनात आलं. त्याला कुठली आधी सांगायची ते ठरेना, आणि तो मिटिंगमध्ये असणार. प्लेग्रुपचा नंबर क्लिनिकच्या चिठ्ठीवर होता, तो तिने फोनमध्ये घातला. नावाच्या जागी काय लिहावं ते न सुचून नुसतंच ‘प्लेग्रुप’ लिहिलं.

आतून डबे पडल्याचा आवाज आला, मग शांतता, मग, "दे."

ती उठली. मुक्ताई ओट्याला टेकून उभी होती, हात पुढे केलेला, तोंड वर. पाणी असेल. नाहीतर शेंग. नाहीतर बाहेर. प्रियदर्शनी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, त्या आवाजाचं चढणं-उतरणं मनात पुन्हा पुन्हा ऐकत. तो सरळ होता. सगळ्यांना सारखाच ऐकू येईल असा.

ती गुडघ्यांवर बसली. "काय देऊ?" तिने विचारलं.

आजवर हे तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.